सासूबाईंचं विरजण

आज सकाळी माझा चाळिशीतला मुलगा पोट धरून जंतूंची कॅप्सूल गिळत होता. ते बघून मी कपाळावर हात मारला. अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतूही मारले, म्हणून आता विकतचे भरायचे! डॉक्टर म्हणे, शत्रू कोण आणि घरचं कोण, हे आपल्या प्रतिकारशक्तीला हेच जंतू शिकवतात; घरचं दही खा.

घरचं दही! सासूबाई त्यांच्या माहेरच्या विरजणाने रोज दूध विरजायच्या, तेही बोटाने ढवळून. मी नुकतीच बी.एस्सी. झालेली दीडशहाणी. नाक मुरडून म्हणाले, "आई, बोटावर किती जंतू असतात!"

"असू देत गं, ओळखीचे आहेत."

सासूबाई गावाला गेल्या तेव्हा मी ते विरजण मोरीत ओतलं, भांडं उकळलं आणि स्वतःवरच खूश झाले. काय ती अक्कल!

आज शेजारणीकडून विरजण मागून आणलं. कोमट दुधात बोट घातलं, तोच मुलगा ओरडला, "आई, हात धुतलेस का?"

शेवटी माझंच पोर!

"धुतलेत रे," मी करवादले. "तुझ्या आजीच्या ओळखीचं कुणी उरलंय का, ते बघतेय."