पाइपातली गुळाची चकती

मी मूळचाच संशयी. बायको म्हणते, हा माणूस देवळातसुद्धा एक डोळा मिटतो आणि दुसरा बाहेरच्या चपलांवर ठेवतो. ते खोटं नाही. पण बारामती एमआयडीसीत वीस वर्षं शेड चालवणाऱ्या माणसाने संशयी असू नये असं ज्याला वाटतं, त्याने एकदा येऊन शेड चालवून बघावी. आम्ही डेअऱ्यांसाठी स्टीलच्या टाक्या आणि दुधाचे पाइप बनवतो. एकदा मी टाकीच्या झाकणाला नवी बिजागरी बसवली, एका हाताने उघडणारी. गिऱ्हाईक नमुना म्हणून एक झाकण घेऊन गेलं आणि पुढच्या महिन्यात तीच बिजागरी मागच्या गल्लीतल्या शेडमध्ये ढिगाने पडलेली मी पाहिली. तेव्हापासून दारात कुणी मोबाइल काढला की माझ्या मनात पाल चुकचुकते.

त्यामुळे पुण्याच्या एका कंपनीची इंजिनीयर मॅडम नकाशांची गुंडाळी घेऊन आली, तेव्हा मी आधी चहा सांगितला आणि मग टेबलावरचे आमचे सगळे कागद ड्रॉवरमध्ये टाकले. तिला स्टीलचे पातळ पाइप जोडून हवे होते. नव्या धाटणीची लहान अणुभट्टी बनवायचं त्यांचं काम चाललं होतं. त्या भट्टीत पाण्याऐवजी वितळलेला धातू फिरणार होता, आणि तो कसा फिरतो हे आधी साध्या चाचणीत बघायला हे पाइप पाहिजे होते. त्यात अणूबिणू काही नव्हतं. तरी ही बातमी कशी कोण जाणे बाहेर गेली, आणि शेजारच्या दूध संकलनवाल्याने आपले कॅन आमच्या भिंतीपासून लांब नेऊन ठेवले. मला विचारलं, "किरणानं दूध नासत न्हाय ना?" मी म्हटलं, तुझं दूध तर बिनकिरणाचंच नासतं. तो आठवडाभर बोलला नाही.

आमच्याकडे हे काम आलं ते लेझरमुळे. वर्षभरापूर्वी मी वेल्डिंगचं लेझर मशीन घेतलं होतं, चांगलं ताकदीचं. आणि ते चालवायचे आबा. आबा म्हणजे आमचे मेस्त्री, इंदापूरकडचे, शेड सुरू झाल्या दिवसापासून माझ्याबरोबर. साठीच्या घरातला माणूस, हात मात्र दगडासारखा स्थिर. मशीन आलं तेव्हा आबांनाही ते पटलं नव्हतं. "डोळ्याला दिसत न्हाय आन् डोळाच खातो म्हनं, असला कसला उजेड?" असं म्हणून त्यांनी दोन दिवस त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी काळा चष्मा चढवला, आणि तीन महिन्यांत त्यांची शिवण अशी यायला लागली की बोट फिरवलं तरी जोड कुठे आहे ते कळू नये.

आता आबांची युक्ती सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. पाइप बाहेरून जोडताना आतली बाजूही तापते. आत हवा असली तर स्टील काळं पडतं, खरखरीत होतं. म्हणून आत आर्गॉन गॅस भरतात. सगळा पाइप भरायचा तर गॅस फार लागतो, तेव्हा जोडाच्या दोन्ही बाजूंना बूच मारून मधल्याच जागेत गॅस सोडायचा. पण वाकड्यातिकड्या पाइपातून ते बूच नंतर काढणार कसं? त्यासाठी पाण्यात विरघळणारा कागद मिळतो. आबा कागद वापरत नसत. ते वापरत गूळ. गुऱ्हाळावर गूळ अर्धवट आळला की पाइपाच्या मापाच्या चकत्या पाडून घ्यायचे, पाइपात घट्ट बसवायचे आणि जोड झाला की गरम पाणी सोडून द्यायचे. दुधाच्या पाइपांत आम्ही कैक वर्षं हेच केलं. आणि लेझरने आणखी मजा झाली. लेझरचा ताप जोडापुरताच राहतो, त्यामुळे गूळ वितळायची भीती न बाळगता चकती जोडाच्या अगदी जवळ लावता यायला लागली. गॅस चिमूटभर, आणि आतली शिवण बाहेरच्यासारखीच लखलखीत.

मॅडमने पहिला नमुना कापून बघितला आणि तिचे डोळेच मोठे झाले. "आबा, आतून इतकं स्वच्छ कसं आलं? बूच कशाचं लावता?"

आबा बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी मध्ये पडलो. म्हटलं, "मॅडम, आमी तुमच्या पुण्याचाच कागद वापरतो. पान्यात विरघळतो तो."

ती गेल्यावर आबा माझ्यावर उखडले. "चांगलं हाय तर सांगायला काय झालं? चोरी केलीय व्हय आपण?"

"आबा, बिजागरी आठवा," मी म्हटलं.

त्यावर ते मशीनकडे वळले. मालक सांगतो तर नाही बोलायचं, असा त्यांचा हिशेब होता. माझा हिशेब वेगळा होता. मॅडम प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची, फोटो काढायची, आणि एकदा तर तिने आबांना पूर्ण नाव, जन्मसाल, शिक्षण सगळं विचारून घेतलं. मला वाटलं, झालं. युक्ती तर पळवणारच, माणूसही पळवणार. मग मी एक डाव केला. आमच्याकडे पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, त्याचा असा उपयोग मी आधी कधी केला नव्हता. चकत्या बसवायची वेळ झाली की मी मॅडमला गाडीत घालून वडगाव निंबाळकरला घरी जेवायला पाठवायचो. बायकोला सांगून ठेवलं होतं, तासाच्या आत उठू द्यायचं नाही. बायकोने तिला भाकरी, पिठलं, खर्डा, वर आग्रहाने दही असं वाढून दीड दीड तास अडकवून ठेवलं. मॅडम परत येईपर्यंत चकत्या पाइपात आणि पाइप बंद.

एवढ्यावर मी थांबलो नाही. गूळ आम्ही नेहमी पणदऱ्याच्या एका गुऱ्हाळावरून आणायचो. पण आता शंभरभर चकत्या लागणार होत्या, आणि गुऱ्हाळवाला गप्पिष्ट. शंभर चकत्या कशाला म्हणून तो चार ठिकाणी विचारणार, आणि पुण्यापर्यंत बोभाटा. म्हणून आबांना म्हटलं, तुमच्या भावाचं इंदापूरकडं गुऱ्हाळ हाय, तिथनं आणा, कुणाला कळायला नको. आबांनी आणल्या. मी एक चकती चाखूनही पाहिली. जरा खारट लागली. तिकडची जमीन पाण्यानं क्षारपड झालेली, उसाला ती चव उतरतेच, त्यात नवल काय? मी चकती तोंडात चघळत चघळत बिल टाइप करत बसलो.

पाइप तयार झाले तेव्हा मॅडमने एक छापील कागद दिला. अणुभट्टीच्या कामात अशी पद्धत असते की पाइपाला आतून जे जे लागलं ते सगळं लिहून द्यायचं: पाणी कुठलं, हातमोजे कसले, बूच कशाचं. सगळा कागद इंग्रजीत. तो मी भरला. बूच या रकान्यात लिहिलं, विरघळणारा कागद. खाली वेल्डरची सही लागत होती. आबा मराठी सगळं वाचतात, पेपर तर जाहिरातींसकट वाचतात, पण इंग्रजीपुढे त्यांचा इलाज नव्हता. त्यांनी मला विचारलं, "काय लिवलंय?" मी म्हटलं, "नेहमीचंच." त्यांनी पेन पुसून घेतलं आणि मोठ्या अक्षरांत, अजिबात घाई न करता सही केली. हे सगळं मला आज जितकं स्पष्ट दिसतं तितकं तेव्हा दिसलं असतं तर बरं झालं असतं.

महिन्याभरात मॅडम परत आली. या वेळी जेवण नको म्हणाली. पाइपात आतून मीठ सापडलं होतं. अगदी कणभर, पण या स्टीलचं आणि मिठाचं वैर असतं; तापल्यावर बारीक चिरा पडतात. तिने आमचं पाणी तपासायला घेतलं, हातमोजे घेतले, गॅसच्या नळीचा तुकडा कापून घेतला. मी शेजारी उभा राहून सारखं म्हणत होतो, तुमच्या त्या विरघळणाऱ्या कागदातच मीठ असेल. तिने तो कागद आधीच तपासला होता. त्यात काही नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि इतकी वर्षं मी लोकांकडे जसं बघत आलो अगदी तसंच बघत होती.

आबा मशीनमागून पुढे आले. आपल्या हाताच्या पाइपाला डाग लागला म्हटल्यावर त्यांना राहवेना. मालकाने गप्प राहायला सांगितलं होतं हेही ते विसरले.

"मॅडम, त्यो गूळ हाय," ते म्हणाले. "माझ्या भावाच्या गुऱ्हाळाचा. जमीन क्षारपड हाय तितली, म्हणून खारट. दुसरा आणतो की. न्हायतर साखरेची चकती पाडू, तिच्यात मीठ न्हाय. जोडात खोट न्हाय बघा."

मॅडमचा चेहरा क्षणभर उजळला. तिने वही उघडलीसुद्धा. मग हळूच फाइलमधून तो छापील कागद काढला. "मग आबा, इथे बुचाच्या रकान्यात तुम्ही कागद का लिहिलंत?"

आबांना प्रश्नच कळला नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. मी लगेच बोलायला हवं होतं. मी नाही बोललो. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण तेवढ्या वेळात एक गोष्ट झाली: मॅडमने त्यांच्याकडे खोटं बोलणारा माणूस म्हणून पाहिलं, आणि आबांना ते कळलं. मग मी म्हटलं, "मी लिहिलं. त्यांना माहीत नव्हतं."

"पण सही त्यांची आहे, सर," ती म्हणाली.

नंतर ती गाडीपाशी थांबून माझ्याशी बोलली. मीठ ही अडचणच नव्हती म्हणाली, चकती बदलली असती. लेझरच्या जोडाला इतकं जवळ बसणारं बूच त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. त्यावर पेटंटचा अर्ज करायचा आणि शोध लावणाऱ्याच्या जागी आबांचं नाव घालायचं, म्हणून तिने त्यांची माहिती लिहून घेतली होती. फक्त एवढ्या जवळ कागद टिकतो कसा, हे तिला कुणी सांगत नव्हतं. आता ज्या वेल्डरच्या सहीखाली खोटी नोंद आहे त्याचं काम अणुभट्टीला चालत नाही, आणि त्याचं नाव अर्जात घालायलाही कंपनी तयार नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. आबा म्हणाले, "वाच." मी एकेक ओळ मराठी करून वाचली, काही गाळलं नाही. त्यांचं नाव मान्य वेल्डरांच्या यादीतून काढलं होतं, कारण नोंद खोटी. ते ऐकून आबा एवढंच म्हणाले, "बरं." मी माफी मागितली. त्यांनी चष्मा चढवला आणि अर्धवट राहिलेली दुधाची टाकी हातात घेतली.

काम सोडून ते गेले नाहीत. रोज येतात, चहा माझ्याबरोबरच घेतात, माझ्या नातवाची चौकशी करतात. फक्त एक झालं. शेडमध्ये सही करायचा कुठलाही कागद आला, अगदी पार्सल मिळाल्याची पावती का असेना, आबा खिशातून मोबाइल काढतात, कागदाचा फोटो घेतात आणि इंदापूरच्या घरी आपल्या शिकलेल्या सुनेला पाठवतात. तिचा फोन येईपर्यंत पेन हातात धरून, माझ्याकडे न बघता, माझ्यासमोर उभे राहतात.