लिंबाचा धूर

वीस वर्षं मी इतिहास शिकवत आलोय. यंदा शाळेत पर्यावरणाला माणूस नव्हता आणि माझे दोन तास रिकामे दिसले, म्हणून तो विषय माझ्या गळ्यात पडला. विज्ञानाशी माझं दहावीपासून वाकडं. सकाळी सक्करदऱ्याच्या घरी चहासोबत पुस्तक उघडायचो आणि चिडचिड करत मुलांच्या एक धडा पुढे राहायचो.

थंडीत हवेच्या प्रदूषणाचा धडा आला. जळणाऱ्या पाल्यातून इतके बारीक कण निघतात की ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. पाला कोणत्या झाडाचा, याने काही फरक पडत नाही. मी ताडकन उठलो. चहा तसाच राहिला.

आईला दमा आहे. जवळच्या तळ्याकडून डास येतात म्हणून मी रोज संध्याकाळी तिच्या खोलीत धुनी करायचो. घमेल्यात नारळाच्या शेंड्या पेटवायच्या, तिच्या पायाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालायचा, वर कडुलिंबाचा वाळला पाला टाकायचा. खोली भरली की दारं-खिडक्या लावून निघायचो, धूर वाया जाऊ नये म्हणून. बाजारची कॉइल विषारी, आपला लिंब औषधी, हे बायकोला ऐकवून ऐकवून तिचे कान किटवले होते. रामदासपेठेतले डॉक्टर दर खेपेला विचारायचे, घरात धूर होतो का? मी छाती काढून नाही म्हणायचो. लिंबाचा धूर मी धुरात धरतच नव्हतो. डॉक्टर बिचारे औषध वाढवत राहिले.

त्या दिवशी वर्गात काय शिकवलं, देव जाणे. घरी येताच घमेलं मागच्या अंगणात भिरकावलं. आईच्या खिडक्या उघडल्या, थंडी आत येते म्हणून लावल्या, पुन्हा उघडल्या.

"काय करून राहिला गा?" आईने विचारलं.

मी धडा सांगितला. राग स्वतःवर होता, पण आवाज तिच्यावर चढला. धुराचा त्रास होत होता का, विचारलं. होत होता म्हणाली. मी गेलो की नाकाला पदर लावून बसायची. मग सांगितलं का नाहीस, असं मी जवळजवळ ओरडलोच.

"धुनी पेटवाले तू रोज माह्यापाशी बसत होता," ती म्हणाली. "नको म्हटलं असतं, तं तू कायले आला असता?"

तिने सरकून पलंगावर जागा केली. मला बसवेना.