फोटोखाली नसलेली ओळ

छापून झालेल्या लेखांत राहून गेलेल्या ओळी मिळवून देणं, हे माझं काम आहे. सोलापुरातल्या एका वैद्यकीय कॉलेजच्या संशोधन कक्षात मी नोकरी करते. आमच्या डॉक्टरांचे लेख जर्नलांत छापून येतात. त्या प्रत्येक लेखाच्या शेवटी काही गोष्टी सांगाव्या लागतात. एथिक्स कमिटीची मंजुरी घेतली होती का, रुग्णाची लेखी संमती आहे का, लिहिणाऱ्याचे कुठल्या औषध कंपनीशी लागेबांधे आहेत का. जुन्या लेखांत हे बऱ्याचदा नसतं, कारण तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आता जर्नलं मागं जाऊन तपासतात आणि मेल पाठवतात. मग मी रेकॉर्ड रूममधून जुने केसपेपर मागवते, सोडून गेलेल्या डॉक्टरांना फोन लावते. कागद सापडला तर पाठवते, नाही सापडला तर नाही म्हणून कळवते. जर्नल मूळ लेखाला जोडून चार ओळींची दुरुस्ती छापतं. ती फारसं कुणी वाचत नाही. तरी मला हे काम आवडायचं. विसकटलेलं कपाट लावून ठेवल्यासारखं वाटायचं.

उन्हाळा नुकताच लागला होता, तेव्हा एका जर्नलची मेल आली. आमच्या शस्त्रक्रिया विभागाच्या जुन्या लेखात रुग्णाचा फोटो आहे, पण संमतीबद्दल काहीच लिहिलेलं नाही, असं त्यात होतं. नेहमीचीच मेल. मी लेख उघडला. जबड्याला क्वचित होणारी एक गाठ आणि ती झालेल्या एका बाईची हकीकत. दुसऱ्या पानावर फोटो होता.

डोळ्यांवर काळी पट्टी. पट्टीखाली डावा गाल म्हणून काही उरलेलंच नव्हतं, तिथं नुसती गाठ होती, चकचकीत, एका जागी फुटलेली. कानात मोत्याची कुडी. कुडीतला एक मोती निखळला होता आणि ती ढिली होऊ नये म्हणून मागून लाल दोरा गुंडाळलेला होता. तो दोरा मी गुंडाळला होता.

ती माझी आई होती.

आई टॉवेलच्या कडा शिवायची. कारखान्यातून गठ्ठे घरी यायचे आणि दिवसभर मशीन चालायचं. वडील चिंचोळी एमआयडीसीत फिटर होते, मी तेव्हा फार्मसीला होते. गाठ दिसायला लागली तसा आईनं डोक्यावरचा पदर डाव्या गालावरून ओढून घेतला आणि मग तो कधी खाली आला नाही. मशीन तिनं फिरवून घेतलं, दाराकडं पाठ करून बसायला लागली. आमच्याबरोबर जेवणं सोडलं. भिंतीकडं तोंड करून, पदराच्या आत कालवलेला भात खायची. मी ड्रेसिंग करायला बसले की वडिलांना म्हणायची, "तुमी जरा भायेर बसा." ते जिन्यावर जाऊन बसायचे.

मंद्रूपला चुलत बहिणीचं लग्न होतं. आई आली, पण फोटोवाला मांडवात शिरला तशी उठली आणि मागं उभ्या असलेल्या टेंपोत जाऊन बसली. अक्षता पडल्या तेव्हाही ती टेंपोतच होती. मी ताट घेऊन गेले तर म्हणाली, "फोटो झालं का समदं? गेला का त्यो?" त्या वर्षातला तिचा एकही फोटो आमच्या घरी नाही. तिनंच येऊ दिला नाही.

आणि तो चेहरा आता माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर होता. जगात कुणीही, कुठंही बसून तो उघडू शकत होतं.

मी आमच्या मॅडमच्या टेबलाशी गेले. संशोधन कक्ष त्याच चालवतात. मी म्हणाले, "मॅडम, ही एक केस मी करू शकत नाही. माझा संबंध आहे."

"कसला संबंध?"

"ही माझी आई आहे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "हे मी बघते. तू घरी जा." मी घरी गेले नाही. घरी गेले असते तर वडिलांना काय सांगणार होते?

आईचा केसपेपर मॅडमनी स्वतः काढून आणला. ऑपरेशनच्या संमतीवर आईची सही होती, तिची ती उजवीकडं कलणारी, एकेक अक्षर जपून काढलेली. फोटोबद्दल कुठंच काही नव्हतं. लेखातलं पहिलं नाव तेव्हाच्या एका निवासी डॉक्टरचं होतं. तो आता विदर्भात, त्याच्या गावी दवाखाना चालवतो. मॅडमनी फोन केला तर तो म्हणाला, लेखी घेतलं नव्हतं, पण तोंडी विचारलं होतं आणि बाई हो म्हणाल्या होत्या.

हा डॉक्टर मला चांगला आठवत होता. आईच्या जखमेला वास यायला लागला होता. वॉर्डात लोक तिच्या खाटेजवळून जाताना नाकाला रुमाल लावायचे, आमचे नातेवाईकसुद्धा. हा एकटा रोज तिच्याजवळ स्टूल घेऊन बसायचा, हळू हातानं जखम साफ करायचा आणि जाताना "येतो हं आई" म्हणायचा. तो दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं.

मी मॅडमना म्हणाले, मला त्याच्याशी एकदा बोलू द्या. मुलगी म्हणून.

दुपारी फोन लावला. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, "आठवतात हो मला. पदर सोडायच्या नाहीत. मी गेलो की तेवढा बाजूला करायच्या."

"तुम्ही फोटोचं विचारलं होतं म्हणालात."

"विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढला नाही मी. कागद केला नाही, ते चुकलंच. पण त्या हो म्हणाल्या."

"काय म्हणाली? शब्द आठवतात?"

"कधीकधी त्यांच्या भाषेत बोलायच्या ना त्या. साकू म्हणाल्या. दोनदा. साकू, साकू. सिस्टर नाकातल्या नळीतून पेज द्यायच्या तेव्हापण तुमच्या आई तेच म्हणायच्या, आणि सिस्टर बरं बरं करायच्या. मला वाटलं, ठीक आहे, चालेल, असं काहीतरी असेल."

आईचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कानडी बोलणारं. लग्नानंतर ती मराठीच बोलायची, पण दुखणं वाढलं तसे मराठी शब्द तिला जड व्हायला लागले. शेवटी शेवटी तोंडातून जे दोन-चार शब्द फुटायचे ते कानडीच असायचे. आजोळी जेवताना पानात भात वाढत राहिलं की आम्ही पोरं हात आडवा धरून तेच म्हणायचो.

मी म्हणाले, "डॉक्टर, साकू म्हणजे पुरे."

त्याच्या दवाखान्यात कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. कुणाला तरी तो म्हणाला, "जरा बाहेर बसवा त्यांना." दार लागल्याचा आवाज आला.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत नव्हतं हे मला कळतंय."

"मी काय करू, सांगा."

मी एवढंच म्हणाले, "जसं झालं तसं लिहून द्या जर्नलला." त्यानं त्याच दिवशी लिहून दिलं. संमती घेतलेली नव्हती, असं सरळ. तोंडी घेतली होती, असं लिहून तो सुटू शकला असता. कुणी पुरावा मागितला नसता.

जर्नलचं उत्तर सभ्य होतं. रुग्ण हयात नसल्यास जवळच्या नातेवाइकांनी आता संमती दिली तरी चालेल, फोटो राहील आणि तशी ओळ जोडता येईल. नको असल्यास फोटो काढू. जवळचे नातेवाईक म्हणजे वडील आणि मी. आता त्यांना सांगणं भाग होतं.

वडील निवृत्त होऊन घरीच असतात. संध्याकाळी बाजेवर बसून शेंगा सोलत होते, तेव्हा मी सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी हात झटकले.

"दाव."

"नको बाबा. बघवणार नाही."

"दाव की. लोकं बगत्यात, मी का नगं?"

मी मोबाइलवर काढून दिला. त्यांनी चष्मा लावला आणि मोबाइल तोंडाजवळ धरला.

"डोळं कशापायी झाकल्यात?"

"कुणी ओळखू नये म्हणून."

"डोळं तेवढंच तिचं ऱ्हायलं हुतं," ते म्हणाले. "बाकीचं त्या गाठीनं खाल्लं. जे तिचं हुतं ते झाकलं, आन् जे ती झाकत हुती ते उगडं टाकलं."

मी नोकरीचं म्हणून जे सांगायला हवं ते सांगितलं. ही गाठ लवकर ओळखू येत नाही, फोटो पाहून नव्या डॉक्टरांना ती वेळेत कळेल, एखाद्या बाईचा जीव वाचेल. तुम्ही सही दिली तर फोटो राहील.

"चांगलं काम हाय की मग," ते म्हणाले. पण सहीचा कागद त्यांनी हातात घेतला नाही. "पर सही मी कशी करू? तोंड तिचं. मला तिनं कवा असं दावलं न्हाय. जिन्यावर बसवायची. जे मला दावलं न्हाय ते जगाला दावायची परवानगी मी देऊ व्हय?"

मग म्हणाले, "तिला इचारलं हुतं का त्या डॉक्टरानं?"

"विचारलं होतं. तिचं बोलणं त्यांना नीट कळलं नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ती काय बोलली हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही. त्यांना तो शब्द माझ्याहून चांगला कळतो.

मी मोबाइल घ्यायला हात पुढं केला. ते म्हणाले, "जरा ऱ्हाऊ दे." पाठ फिरवून बसले आणि बघत राहिले. लग्नाच्या बायकोचा चेहरा ते पहिल्यांदा तसा बघत होते. मी आत जाऊन उगीच भांडी लावत बसले. बऱ्याच वेळानं मोरीत पाण्याचा आवाज आला. ते तोंड धूत होते. मोबाइल बाजेवर पालथा ठेवलेला होता.

पावसाळा संपता संपता दुरुस्ती छापून आली. छायाचित्रासाठी रुग्णाची संमती घेतलेली नव्हती, कुटुंबाच्या इच्छेनुसार ते काढून टाकले आहे, लेखकांना याचा खेद आहे. फोटोच्या जागी नुसती पांढरी चौकट. मी वडिलांना मराठीत वाचून दाखवलं.

"तिचं नाव हाय का त्यात?"

"नाही. नाव टाकत नाहीत."

"बरं."

काही दिवसांनी, जेवताना, वर न बघता त्यांनी विचारलं, "त्यो फोटो तुज्याकडं हाय का आजून?"

"नाही. त्याच दिवशी काढून टाकला."

"बरं केलंस," ते म्हणाले. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला होता. तेव्हा मला कळलं की मी हो म्हणावं असं त्यांना कुठंतरी वाटत होतं.

दुरुस्ती छापली म्हणजे झालं, असं मी इतकी वर्षं समजत होते. पण मूळ लेख कधीच दहा ठिकाणी जाऊन बसलेला होता. मी शोधून शोधून त्या संकेतस्थळांना लिहिलं. एकाचं उत्तर आलं, त्यांनी काढला. बाकीच्यांचं काहीच आलं नाही. आमच्याच लायब्ररीत त्या अंकाची छापील प्रत बांधून ठेवलेली आहे. त्या कपाटाच्या बाजूला मी जात नाही.

थंडीत कॉलेजमध्ये निवासी डॉक्टरांचं चर्चासत्र झालं. हजेरी घ्यायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून मागच्या रांगेत बसले होते. जबड्याच्या गाठींवर एक मुलगी बोलत होती, चांगली तयारी करून आली होती. तिनं पुढची स्लाइड लावली आणि समोरच्या भिंतीएवढी आई आली. काळी पट्टी, गाठ, कुडी. मुलगी हातातल्या लाल प्रकाशाच्या ठिपक्यानं गाठीची कड दाखवत होती. तो ठिपका आईच्या गालावरून फिरत होता. सगळे वही काढून लिहून घेत होते. कुणीही तोंड वाकडं केलं नाही, हे मात्र खरं.

चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी तिच्याकडं गेले. "हा फोटो कुठून घेतलास?"

"नेटवरून, मॅडम. का?"

"त्या लेखाची दुरुस्ती आली आहे. संमती नव्हती. फोटो काढलाय त्यांनी."

ती गोरीमोरी झाली. "सॉरी मॅडम, मी खरंच पाहिली नाही." तिनं लगेच लॅपटॉप ओढला. मग थांबून विचारलं, "पेशंट तुमच्या ओळखीच्या होत्या का?"

"हो," मी म्हणाले.

तिनं माझ्यासमोरच बटण दाबलं. स्लाइड गेली आणि खालची वर सरकली. भिंतीवर आता औषधांचा तक्ता होता. बाहेर कुणीतरी चहा संपत आल्याचं सांगत होतं. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, चला ना." मी म्हणाले, तू हो पुढं, आणि हजेरीचे कागद गोळा करायला मागच्या रांगेकडं वळले.