शरदकाका ठिपके सांगतात

फुलपाखरांच्या नादी लागलेल्या माणसांकडे फुलपाखरांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. आम्ही तिघं: मी, कुंभिवलीला गॅरेज चालवणारा मिलिंद, आणि दहिवलीचे शरदकाका, शाळेतले रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. आमचे स्किपरचे किस्से मात्र एकट्याने आठवू नयेत असे आहेत. म्हणून तुम्हाला सांगतो!

स्किपर म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढं तपकिरी फुलपाखरू. सगळी जुळी भावंडं! पंखावर पांढरे ठिपके किती, कुठे, नराला तिरकी रेघ आहे का, यावरून राइस स्विफ्ट, ब्रँडेड स्विफ्ट असं नाव ठरतं. आमचा नियम एकच, काका बोलेपर्यंत कुणी नाव घ्यायचं नाही.

*

काकांची नजर जायला लागली. परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सुमनकाकूंनी लगेच अट घातली, "ज्या दिवशी स्किपर चुकलात, त्या दिवशी कॅमेरा माझ्याकडे. रान बंद!"

"चालंल!" काका म्हणाले.

कबूल झाले खरे, पण रान बंद झालं तर हा माणूस खचेल, हे मला आणि मिलिंदला चांगलं माहीत होतं.

*

खालापूरला कचेरीच्या मागे घाणेरीवर एक स्किपर बसलं. पंख मिटलेले, उजवी बाजू आमच्याकडे.

"राइस स्विफ्ट," काका म्हणाले. "डाव्या पंखावरचा एक ठिपका नाय त्याला."

डावा पंख तर पलीकडे! थोड्या वेळाने त्याने पंख उघडले. उजवीकडे ठिपके पूर्ण, डावीकडे एक गायब.

"काका, एक्स-रे काढता काय?" मिलिंदने विचारलं. आम्ही पोट धरून हसलो. काका चुकले नाहीत, याचाच आनंद जास्त होता.

*

मग मिलिंदच्या गॅरेजमागचा किस्सा. काका एका पानाकडे बोट दाखवून म्हणाले, "ब्रँडेड स्विफ्ट. रेघ बघ केवढी ठळक हाय!"

पान रिकामं होतं. काकूंना काय सांगायचं? मिलिंदने खुणावलं, गप्प बस. काकांना आवाज ऐकू जावा म्हणून मी मोबाईलवर उगाच क्लिक केलं.

चहा पिऊन परत आलो, तर त्याच पानावर ब्रँडेड स्विफ्ट, रेघ दाखवत बसलेलं! मी काकांना सगळं खरं सांगून टाकलं.

"म्हंजे मी जरा लवकर बोललो काय रं?" एवढंच म्हणाले.

मिलिंद तेव्हापासून गॅरेजच्या मागे जात नाही. गिऱ्हाइकांना सांगतो, तिकडे साप आहे!

*

काकूंनी एकदा घरीच परीक्षा घेतली. माझ्या मोबाईलवरचे जुने फोटो त्या एकेक करून पुढे सरकवत होत्या, काका नाव सांगत होते. मध्येच बॅटरी संपली. काकूंनी काकांना ते कळू दिलं नाही. काळ्या स्क्रीनवर नुसतं बोट फिरवत राहिल्या.

काका सांगतच होते. "राइस. राइस. हा ब्रँडेड, पंख फाटलाय त्याचा."

मोबाईल चार्ज झाल्यावर काकूंनी पुढचे फोटो पाहिले. तोच क्रम! फाटका पंखसुद्धा!

"काकू, पास झाले ना!" मी म्हणालो.

"मला भीती वाटते रे," काकू हळूच म्हणाल्या. "हे बघतात कुठून?"

*

आता गेल्या महिन्यातलं. दुपारी आम्ही काकांच्या अंगणात बसलो होतो. काका एकदम कुजबुजले, "हलू नको. तुझ्या खांद्यावर बसलंय."

मी मान वळवली. काही नाही. काकूंनी जवळ येऊन पाहिलं. काहीच नाही.

"कोणतं?" काकूंनी विचारलं.

काका माझ्या खांद्याकडे वाकले. "ठिपके कळतात गं. पन ही जात कधी बघितली नाय मी. नाव नाय येत."

"हरलात!" काकूंनी त्यांच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. चेहऱ्यावर इतका आनंद! नवरा चुकला, म्हणजे चार लोकांसारखा साधा आंधळा होतोय, बाकी काही नाही. "ऐकलंस ना? चुकले हे!" असं म्हणत त्यांनी हसत माझ्या खांद्यावर थाप मारली.

"अगं, मारलंस त्याला!" काका किंचाळले.

काकूंनी हात उलटा करून पाहिला. तळव्याला तपकिरी भुकटी लागली होती, फुलपाखराचे पंख चिमटीत धरल्यावर लागते तशी.

त्यांनी दुसऱ्या हाताने कॅमेरा उचलला आणि परत काकांच्या गळ्यात घातला.