गाडी पाहणारा कय्यूम

आमच्या चंद्रपुरात मुलगी पाहायला मामाला नेत आणि जुनी गाडी पाहायला कय्यूमला. मामा पुष्कळदा फसला. कय्यूम फसल्याचं वीस वर्षांत माझ्या कानावर आलं नव्हतं. तुकूमच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज आणि भिंतीला भिंत लागून माझं टायर-पंक्चरचं दुकान. त्याला सगळे कय्यूमभाऊ म्हणत, मला भैयाजी. गिऱ्हाइकं बसायची माझ्या बाकड्यावर आणि सल्ला विचारायची त्याला. मला याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

कय्यूम गाडीच्या रंगाकडे, सीटकव्हरकडे ढुंकूनही पाहत नसे. थंड इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट घालायचा आणि ते उन्हात धरून बघायचा. चारही दारं हळूच लावून पाहायचा, कारण ठोकलेल्या गाडीचं एखादं दार कुठेतरी अडतंच. पण विकणाऱ्याच्या तोंडावर गाडीला वाईट म्हणायचं नाही, हा त्याचा नियम. "विकणाराबी गरजवंतच असते, भैयाजी," म्हणायचा. मग निकाल कळायचा कसा? चहावरून. गाडी चांगली असली तर तो त्या घरचा चहा प्यायचा. नसली तर कप तसाच ठेवून उठायचा. अर्ध्या चंद्रपूरला ही खूण माहीत होती आणि कय्यूमला तिचा फार तोरा होता.

२००१ च्या मार्चमध्ये मोहर्लीचा श्रावण आमच्याकडे आला. ताडोबाच्या गेटाजवळ एका विश्रामगृहात तो स्वयंपाकी होता. त्याच्या रश्मीला, अकरा वर्षांच्या पोरीला, सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार. दुखणं उठलं की पोर अंथरुणात गडबडा लोळायची आणि सलाइनला, रक्ताला चंद्रपूर गाठावं लागायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुखणं उठलं की घरी थांबू नका. आणि बस तर तिच्या मर्जीने यायची.

"मले शान नाई मारायची, कय्यूमभाऊ," श्रावण म्हणाला. "पैसा थोडा हाये, गाडी जुनी चालन. पण पोरीले घेऊन बसलो का चंद्रपूरलेच थांबली पाह्यजे. मधात नाई."

ऊर्जानगरला गुणवंतरावांची छोटी पांढरी गाडी विकायची होती. ते वीज केंद्रातून निवृत्त होत होते, क्वार्टर सोडायचं होतं. ऊर्जानगरची गाडी म्हटलं की आमच्याकडचे लोक डोळे झाकून घेत. साहेब कंपनीच्या बसने ड्युटीवर जातो आणि गाडी शेडखाली उभी राहते, असा हिशेब. कय्यूम, श्रावण आणि मी असे तिघं गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि मला सगळीकडे नाक खुपसायची सवय.

टायर बघणं मात्र माझा धंदा. समोरचा डावा टायर बाहेरून नवाकोरा दिसत होता आणि आतल्या कडेने पार घासून गुळगुळीत झाला होता. म्हणजे चाक सरळ नव्हतं, गाडी समोरून जबर ठोकलेली होती. मी मान वर केली तर कय्यूम आपलं बोट उन्हात धरून बघत होता. बोटावर पाण्याबरोबर तेलाचा तवंग आला होता. असं इंजिन उन्हाळ्यात तापून कधी दगा देईल याचा नेम नसतो. आमची नजरानजर झाली. श्रावण त्या वेळी मागची सीट दाबून बघत होता, पोर तिच्यावर आडवी मावेल का म्हणून.

गुणवंतराव आणि श्रावण कागद बघत बाहेर थांबले. आम्ही दोघं आत बसलो. समोर बुद्धाची मूर्ती, पुढे ताजी फुलं. गुणवंतरावांच्या पत्नी रुखमाबाई चहा घेऊन आल्या. मी माझा लगेच संपवला, माझ्या चहाला कुठे काय अर्थ होता! कय्यूमने कप टीपॉयवर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. चहावर साय धरली. बाई उभ्याच होत्या.

"भाऊ, आमच्या घरचा चालत नसन तर सांगून द्या," त्या म्हणाल्या. "सवय हाये आमाले. पयल्या क्वार्टरात शेजारीण हसून चहा घेऊन जाये अन् मोरीत ओतून टाके. दोन वर्षांनं समजलं मले."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी शांतपणे बोलल्या. कय्यूमचं तोंड उतरलं. आता त्यांना काय सांगणार? चहा चांगला आहे बाई, गाडी खराब आहे?

"तोबा तोबा, बाई! थंडा होऊ देऊन राह्यलो होतो," तो म्हणाला आणि सायीसकट कप एका दमात रिकामा केला.

तेवढ्यात श्रावण दारात आला. त्याने रिकामा कप पाहिला. त्याचा चेहरा असा खुलला की मी नजर वळवली. तो तसाच मागे फिरला आणि त्याने गुणवंतरावांच्या हातात बयाणा ठेवला. गाडी ठोकलेली असल्याचं गुणवंतराव बोलले नाहीत आणि आम्हीही त्यांना विचारलं नाही.

श्रावण कागदांसाठी तिथेच थांबला. स्कूटरवर परत येताना मी कय्यूमला म्हणालो, "श्रावणले सांगून टाक."

"काय सांगू? चहा झूठा पेलो म्हणू?" तो माझ्यावरच खेकसला. "गाडी माह्या गॅरेजमंदी आण म्हणतो. नवी करून देतो."

आणि त्याने खरंच आठ दिवस राबून इंजिन खोललं, रेडिएटर बदलला, मजुरी घेतली नाही. मी टायर बदलून दिला. आपण फार मोठं काम केलं असं आम्हा दोघांनाही वाटलं. एप्रिलभर गाडी बिनतक्रार चालली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, रश्मीचं दुखणं उठलं. चंद्रपूरच्या वाटेवरची आगरझरी मागे टाकली आणि गाडी वाफ सोडत जंगलात उभी राहिली. श्रावण आणि त्याची बायको बायनाबाई पोरीला सागाच्या सावलीत घेऊन बसले. सागाला मे महिन्यात कुठली आली सावली! अडीच तासांनी एक ट्रक आला. पोर वाचली. पण तिचा उजवा हात लुळा पडला. लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

कय्यूम तीन आठवडे गॅरेजात बसून होता, हातात पाना घेईना. मग एका सकाळी म्हणाला, "चाल, मोहर्लीले." श्रावणच्या अंगणात उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. बोटावरचा तवंग, रुखमाबाईंचं बोलणं, कप. मान वर न करता. श्रावण ऐकता ऐकता उठला आणि घरामागे निघून गेला.

बायनाबाई जागची हलली नाही. "तिच्या घरचा चहा पेले ते बराबर केलं," ती म्हणाली. "मीबी त्याच समाजाची हाये, नसते पेले तर आज इथी उभं केलं नसतं तुमाले. पण बाहेर आल्यावर माह्या माणसाले दोन शब्द काऊन नाई सांगतले? तोंड तर रिकामंच होतं न तुमचं?"

कय्यूम रडत होता. मला वाटलं, झालं, आता निघावं. तर ती माझ्याकडे वळली.

"अन् तुमी, भैयाजी? तुमी संग होते. तुमाले काई दिसलं नाई?"

"दिसलं होतं," मी म्हणालो.

दोनच शब्द. ते तोंडातून काढायला मला तीन महिने लागले.