डोंगरावरचे आक्काचे आवळे

फोन आला तेव्हा जुन्या जालन्यातल्या कापडदुकानात मी गिऱ्हाइकापुढं थान उलगडून बसलो होतो. आक्काकडं फोन नव्हता. ती धावड्याच्या वनरक्षकाच्या फोनवरून बोलायची. म्हणून नंबर पाहून मी हसतच उचलला... तो म्हणाला, "काका, मावशी गेल्या." दुपारी जेवून जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. छातीत दुखतंय हे तिनं कुणाला कळूच दिलं नव्हतं. गिऱ्हाईक दुसरा रंग मागत होतं, आणि मी तो काढूनही दाखवला. कसा, ते आज आठवत नाही.

शकुंतला, म्हणजे आक्का, माझी थोरली बहीण. आई लवकर गेली; वडील, म्हणजे आबा, होते, पण मला तिनंच वाढवलं. पुढं नवरा गेल्यावर ती माहेरी धावड्याला परतली आणि वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजानं जाऊ लागली. पिशव्यांत माती भरायची, रोपं डोंगरावर न्यायची, लावायची. दर उन्हाळ्यात रोपं वाळून जायची. दर पावसाळ्यात बायका पुन्हा चढायच्या. माळ बोडका तो बोडकाच.

मग खात्यानं तिथं चौसिंगे परत आणायचं ठरवलं. शेळीएवढं हरीण, नराच्या डोक्यावर चार शिंगं. आमच्या लहानपणी ते डोंगरात होतं, नंतर संपलं. हे हरीण आवळे खातं, लांब जाऊन रवंथ करतं आणि बिया तिथंच थुंकतं, त्यातून झाडं उगवतात, असं साहेबांनी बायकांना समजावलं. राखणीला कोण येईल, असं विचारल्यावर पहिला हात आक्कानं वर केला. या वयात हे कशाला, म्हणून मी तिच्यावर चिडलो. ती म्हणाली, "आबानं शेवटचं हरीण मारलं ना, ते कुठं पाणी पितं ते मीच दाखवल्तं रे. तुला भूक लागल्ती..."

मला ते जेवण आठवत होतं. मी पुन्हा वाढून मागितलं होतं. तिच्या ताटाकडं माझं लक्षच नव्हतं.

तीन चौसिंगे आले, एक नर, दोन माद्या. कुंपणात होते तोवर आक्का रोज पाला-पाणी करायची, पण जवळ जायची नाही. माणसाची सवय लागली तर मरतील, म्हणायची. थंडीत त्यांना सोडलं आणि आठवड्यातच गावच्या कुत्र्यांनी एक मादी फाडली. आक्का दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी उठून घरोघर गेली, कुत्री बांधा म्हणून हात जोडत फिरली. काहीजण हसले. ती पुन्हा दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दारात गेली. शेवटी लोकांनी कुत्री बांधली.

पोळ्यानंतर तिचा फोन आला. आवाजच वेगळा होता. "बापू, वरच्या माळावर आवळे उगून राह्यले. आम्ही लावलेले न्हाईत, त्यांनी लावलेले. तू ये बघायला." मी म्हणालो, दिवाळीचं गिऱ्हाईक आटोपू दे, मग येतो. ती म्हणाली, "बराबर हाये. धंदा आधी." तेच आमचं शेवटचं बोलणं. दसरा झाला, आणि दिवाळीच्या आधीच ती गेली.

तेराव्यानंतर वनरक्षक मला वर घेऊन गेला. खडकाच्या आडोशाला वीतभर रोपं होती, चिंचेसारख्या बारीक पानांची. प्रत्येकाभोवती दगडांचं छोटं आळं. मावशी खालून येताना पदरात दगड आणायच्या, तो म्हणाला. पलीकडच्या झुडपांत काहीतरी हललं. त्यानं माझा हात दाबला. मादी होती. तिच्या मागं नुकतं उभं राहायला शिकलेलं पाडस. हे आक्कानं पाहिलं होतं का, मी कुजबुजलो. तो मान हलवून म्हणाला, "न्हाई काका. परवाच दिसलं."

शेवटच्या रोपाचं आळं अर्धंच होतं. उरलेले दगड तिनं शेजारी काढून ठेवले होते, लहानमोठे निवडून. मी खाली बसलो, एक उचलला... उन्हानं तो गरम होता. तो तसाच हातात धरून मी बसून राहिलो.