हवालदारांनी न उचललेला भंडारा

आमच्या हवालदारांचं कवतिक मला सांगू नका. मी त्यांची बायको हाय, मालुबाई. ह्ये पलटणीत असताना खानापूरकडच्या ह्या गावात त्यांच्या आईचं हगणं-मुतणं मी काढलंय. गावात त्यांना भरमाण्णा म्हणतात आन् कट्ट्यावर लई मान देतात. का, तर युनोच्या फौजेची निळी टोपी घालून ह्ये आफ्रिकेत गेलते, तिथल्या लोकांना मतदान करायला लावायला. बंदूक घिऊन!

टीव्हीवर कुणाची फौज कुठं घुसली की कट्ट्यावर ह्यांना विचारणार, "सांगा भरमाण्णा, फौज पाठवून लोकशाही आणावी का न्हाय?" मष्णू मास्तर म्हणणार, आणलीच पायजे, जुलूम करणाऱ्याला दुसरी भाषा कळत न्हाय. शामू म्हणणार, सगळी तेलासाठी जातात. आन् आमचे हवालदार? "आणशीला. मग तिथं ऱ्हाणार कोण?" एवढं बोलून तंबाखू मळत बसणार. लोकांना वाटायचं, काय खोल बोलला गडी! मला वाटायचं, बाप्या भित्रा हाय.

यंदा आमच्या वॉर्डची पंचायतीची जागा बायकांसाठी राखीव पडली. मारुतीराव पाटलांची सून उभी ऱ्हाणार हे ठरल्यालंच हुतं. मी म्हनलं, मीबी ऱ्हाणार. का न्हाय? जलमभर दुसऱ्याच्या नावावर शिक्के मारले, एकदा माझ्या नावावर कुणीतरी मारावा असं मला लई वाटत हुतं. खोटं कशाला बोलू, मला जिंकायचंच हुतं.

आमच्याकडं मत पेटीच्या आधी देवळात पडतंय. लक्ष्मीच्या देवळात गल्ली जमती, ताटात हळदीचा भंडारा ठेवतात आन् जो-तो चिमूट उचलून कपाळाला लावतो. शब्द दिला, संपलं. मग कुणी दारू पाजू दे न्हाईतर पाया पडू दे, माणूस फिरत न्हाय. पयला भंडारा उचलायचा तो उमेदवाराच्या घरच्या कर्त्यानं.

त्या दिशी गल्ली झाडून आलती. ताट हवालदारांपुढं आलं. ह्ये मांडीवरचा हात उचलंनात.

"उचला की भरमाण्णा."

"मत मी हिलाच देतो," ह्ये म्हनले. "भंडारा न्हाय उचलणार."

मागनं कोणतरी फिस्सकन हसलं. "घरच्याचाच इस्वास न्हाय गं आक्का तुझ्यावर!" माझी सख्खी जाऊ नागुबाई, तीबी पदर झाडून उठली. "कायतरी असंल बया, उगं न्हाय नवरा मागं सरत." एकेक करत सगळी गेली. ताट तसंच ऱ्हायलं.

निकालाला माझं डिपॉझिटबी गेलं. पाटलांच्या पोरांनी हलगी मुद्दाम माझ्या दारात थांबवली आन् गुलालाची मूठ आत भिरकावली. ती परातीतल्या पिठात पडली. पोरं हसत हुती आन् शेजारपाजारची बघत हुती.

दार लावलं आन् मी तोंड सोडलं. "परक्या बायकास्नी बंदूक घिऊन मतदानाला नेलंसा, आन् घरच्या बायकोसाठी चिमूटभर हळद उचलवली न्हाय तुमच्यानं?"

"एकदा उचलली हुती," ह्ये म्हनले. "तिकडं."

मग सांगितलं. त्यांच्या तळाजवळच्या गावात आमिना म्हणून शेंगा इकणारी बाई हुती. रानातल्या बंदूकवाल्यांनी दम भरलता, बोटाला शाई दिसली तर बघून घिऊ. बायका घरातनं निघंनात. ह्यांना तिची भाषा येत न्हवती. आईनं दिल्याली भंडाऱ्याची पुडी खिशात हुती. ह्यांनी ती काढली, चिमूट कपाळाला लावली आन् दुभाष्याला म्हनले, हिला सांग, माझ्या देवाची आण हाय, आमी हितनं हलणार न्हाय. बाई हसली. सगळ्या बायका घिऊन रांगेत पयली उभी ऱ्हायली. गावानं मतदान केलं, सायबांनी फोटो काढले, ह्यांना शाबासकी मिळाली. आन् आठवड्यात हुकूम आला, बिस्तरा गोल. गाड्या निघाल्या तवा ती गाडीसंगं पळत हुती, शाईचं बोट वर धरून.

"मग?"

"मागनं आल्याल्या तुकडीनं सांगितलं. रानातल्यांनी शाई बघून बोटं तोडली. तिचा हात मनगटातनं."

"जित्ती हाय?"

"न्हाय."

दुसरी कोण असती तर गप बसली असती. माझ्या पिठात गुलाल हुता. मी म्हनलं, "हितं काय पाटील बोटं तोडणार हुते? माझ्यासाठी उचलायला काय झालतं?"

ह्ये म्हनले, "तू निवडून आली असतीस, तर पाटलांनी तुला जगू दिलं नसतं. तवा मी तुझ्या मागं उभा ऱ्हाईन का पळून जाईन, माझं मलाच ठावं न्हाय, मालू. खोटा भंडारा परत कसा उचलू?"

इतका संसार करून ह्ये ऐकलं मी! काळीज फाटलं, आन् त्याच्यापेक्षा जास्ती राग आला. ती मेली म्हणून माझ्या डोळ्यांत टिपूस आलं न्हाय.

"मग तिकडंच मरायचं हुतं तिच्यासंगट," मी म्हनलं. "माझीबी सुटका झाली असती."

"व्हय," ह्ये म्हनले. आन् हात धुऊन पाटावर बसले.

मी वाढलं न्हाय.